वाचणारी आणि सांगणारा

लेक: विषय बदलू नका, बाबा. शनिवारी वाचताना तुमच्यासमोर काय होतं?

बाबा: काय असणार? तोरा होती, आपलं धर्मशास्त्र. चाळीस वर्षं दर शनिवारी प्रार्थनालयात माझ्यासमोर तीच असते. आणि तू शेजारी उभी होतीस की, छापील पुस्तक घेऊन.

लेक: शेजारी होते म्हणूनच विचारतेय. तोरेची गुंडाळी कुठे उघडली होती?

बाबा: त्या आठवड्याचा भाग होता तिथे. देवळातल्या याजकांचे कपडे. निळा झगा, झग्याच्या काठाला सोन्याच्या घंटा, छातीवर रत्नांच्या रांगा. एक तरी शब्द चुकला का? चुकला असता तर तूच टोकलं असतंस. त्याचसाठी तर तुला तिथे उभं करतात.

लेक: एकही चुकला नाही.

बाबा: मग झालं तर. ती मेणाची वाटी जरा इकडे सरकव. वकीलसाहेब कवळी न्यायला येतील, अजून खालच्या दाढा बसवायच्यात.

लेक: घ्या वाटी. पण बाबा, गुंडाळी तिथे उघडलीच नव्हती.

बाबा: म्हणजे?

लेक: कारभारीकाकांनी मधल्या वारी तिला हवा दाखवली आणि परत गुंडाळताना भलतीकडेच थांबले. बरेच रकाने मागे. शनिवारी तुमच्यासमोर समुद्र दुभंगत होता. लोक समुद्र पार झाल्यावर मोशेने म्हटलेलं गाणं, जे विटांच्या भिंतीसारखं लिहितात, मध्ये मोकळ्या जागा सोडून सोडून. सबंध तोरेत तसं दिसणारं दुसरं काही नाही. लांबून बघितलं तरी कळतं. तुमच्या मुठीतला ओळ दाखवायचा चांदीचा हात त्या विटांवरून फिरत होता, आणि तोंडातून निळा झगा आणि सोन्याच्या घंटा येत होत्या.

बाबा: गॅस बारीक कर. मेण करपतंय.

लेक: केला. आता बोला.

बाबा: काय बोलू? आधी अक्षराच्या बरोबर मधोमध एक डाग यायचा. मला वाटायचं चष्म्यावर प्लास्टर उडालंय. पुसायचो. मग लक्षात आलं, मान तिरकी केली की कडेकडेने दिसतं. तसं निभावलं. गेल्या शनिवारी मान तिरकी केली, तर कडसुद्धा धूसर. समोर सगळे उभे. काय करणार होतो? सुरुवात केली. आणि ते आपलं येत गेलं, नळ सोडल्यासारखं.

लेक: डॉक्टरांना दाखवलंत?

बाबा: दाखवलं. डोळ्याचा पडदा गेला म्हणाले. हिंडता-फिरता येईल, माणूस चालीवरून ओळखता येईल, पण वाचणं विसरा.

लेक: आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

बाबा: तू कोर्टात लघुलेखक. तुला सांगितलं म्हणजे ते कागदावर आलं.

लेक: तरीच मास्तरांच्या कवळीत तो एक दात निराळ्याच रंगाचा बसला!

बाबा: मास्तर खूश आहेत. म्हणतात, अगदी स्वतःचाच वाटतो. कवळीचं मला काही वाटत नाही गं. दातांचं काम निम्मं बोटांचं असतं, आणि रंगाला मदतनीस आहे. तोरेचं सांग. शब्द न् शब्द बरोबर होता की नाही?

लेक: बरोबर होता. पण पाठ होता.

बाबा: पाठ असणं गुन्हा झाला?

लेक: हे तुम्ही मला विचारताय? मी परकर नेसत होते तेव्हापासून तुम्हीच घोकून घेतलंय. जे लिहून आलं ते पाठ म्हणायचं नाही, जे तोंडी आलं ते लिहायचं नाही.

बाबा: मोडला ना तो नियम! रोमनांनी आपलं पुन्हा बांधलेलं, दुसरं देऊळ जाळलं, गुरूंना मारायला लागले, ज्यांच्या डोक्यात तोंडी कायदा होता ती डोकीच कमी व्हायला लागली. तेव्हा बसून तो तोंडी कायदा लिहून मिश्ना तयार केलीच ना? आणि तिच्यावरच्या चर्चा, भांडणं, उखाळ्यापाखाळ्या, सगळं पुढे तालमूदमध्ये आलंच ना? तोंडीचं लेखी झालं. मग लेखीचं तोंडी झालं तर कुठे आभाळ कोसळलं?

लेक: नियमाचा अर्धा भाग मोडला. विसरायला होऊ नये म्हणून मोडला. तोरा बघूनच वाचायची, हा अर्धा भाग कुणी मोडला नाही.

बाबा: बाबिलोनमध्ये एक आंधळे गुरू होते. लोक त्यांना सिनाई म्हणायचे. ज्या पर्वतावर तोरा मिळाली तो अख्खा डोक्यात म्हणून.

लेक: ते शिकवायचे. आंधळे झाल्यावर गुंडाळीसमोर वाचायला उभे राहिले, असं कुठे लिहिलंय?

बाबा: वकिलांत राहून तू वकिलांच्या वरताण झालीस.

लेक: मी रोज बघते ना बाबा. साक्षीदार शपथेवर सांगतो, मला स्वच्छ आठवतंय. आणि मग मी त्याचंच आधीचं बोलणं कागदावरून वाचून दाखवते. खोटं बोलत नसतो बिचारा. त्याला खरंच स्वच्छ आठवत असतं.

बाबा: कुणाला सांगणार आहेस?

लेक: मी कुणाला सांगणार नाही. सांगायचं तर तुम्ही सांगाल.

बाबा: दार वाजलं. वकीलसाहेब आले बहुतेक. चेहरा सरळ कर.

कारभारी: काय रे दातवाल्या, आहेस ना? अरे वा, लेकही आहे. बरं झालं. बसतो. बेकरीतून थेट उठून आलोय, पिठाचे हात तसेच आहेत.

लेक: पाणी देऊ काका?

कारभारी: दे. आधी मला हे सांग रे. प्रार्थनालयाचा कारभारी म्हणून मी आज कपाट उघडलं. म्हटलं, ह्या शनिवारचा भाग आधीच काढून ठेवू. तर गुंडाळी समुद्रापाशी! शनिवारनंतर किल्ली माझ्याच खिशात आहे. म्हणजे शनिवारीही ती समुद्रापाशीच होती. आणि तू तर घंटांचं वाचलंस. मी आधी म्हटलं, चमत्कार! मग म्हटलं, आपल्याकडे चमत्कार व्हायचाच असता तर आधी छप्पर गळायचं थांबलं असतं.

बाबा: चमत्कार नाही. मला दिसत नाही.

कारभारी: काय दिसत नाही?

बाबा: अक्षर. अक्षर दिसत नाही. मी पाठ म्हटलं.

कारभारी: सगळं? अख्खा भाग? पाठ?

बाबा: अख्खा.

कारभारी: अरे बाप रे. मला माझ्या बायकोचा फोन नंबर पाठ नाही.

लेक: काका, घ्या पाणी.

कारभारी: थांब, थांब. मला विचार करू दे. डोळ्यांचं फार वाईट झालं. डॉक्टर वगैरे बघू आपण, मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. पण हे बघ, कुणाला कळलं का? नाही कळलं. मला आणि हिला सोडून कुणालाही नाही. तू पाठ म्हण. आम्ही ऐकतो. बाकांवर बसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तसंही एक अक्षर समजत नाही. मी गुंडाळी बरोबर जागी उघडून ठेवीन, तू चांदीचा हात फिरव. हाय काय नि नाय काय!

लेक: काका!

कारभारी: तू गप्प बस गं. हा थांबला तर वाचणार कोण? छापील पुस्तक काढून वाचायची वेळ येईल आपल्यावर. माणसाला चाळीस वर्षांनी असं उठवायचं?

बाबा: तू माझ्यासाठी म्हणतोयस, मला कळतंय. पण मला एक सांग. तुझ्या हातात ती गुंडाळी येते तेव्हा ती इतकी जड का लागते?

कारभारी: चामडं आहे. लाकडी दांडे आहेत.

बाबा: नुसतं चामडं नाही रे. पहिलं देऊळ जळलं, राजाचे डोळे काढून त्याला साखळीने बांधून बाबिलोनला नेलं, मागोमाग लोकांनाही. कुठल्याही जमातीचा तिथे शेवट व्हायचा. देव म्हणजे देऊळ, देऊळ म्हणजे गाव, आणि गावच गेलं! जिंकणाऱ्याच्या देवाला हात जोडायचे आणि मिसळून जायचं, हीच रीत होती. आपल्या यहुदी लोकांनी काय केलं? जुनी चामडी काढली. कुणाला पूर्वजांच्या गोष्टी ठाऊक, कुणाला याजकांचे कायदे, कुणाला वंशावळी. सगळं एकत्र आणत गेले, नकलून काढत गेले.

लेक: आणि जुळत नव्हतं तेही ठेवलं. जग निर्माण झाल्याची गोष्ट पहिल्याच दोन पानांत दोनदा येते, दोन तऱ्हांनी. अभ्यासक म्हणतात, ह्या पुस्तकाला अनेक हात लागलेत, शेकडो वर्षांत मिळून.

बाबा: माझे वडील असं ऐकलं की कानांवर हात ठेवायचे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट अभिमान वाटतो. शिवण दिसली तर दिसू दे म्हणाले, पण कुणाचा तुकडा फेकून दिला नाही. आणि मग एकदा ठरलं, की आता अक्षर हलवायचं नाही. तेव्हापासून नक्कल करणारा प्रत्येक शब्द समोर बघतो, तोंडाने म्हणतो, मगच लिहितो. त्याला कितीही पाठ असो. एक अक्षर चुकलं तर दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी कपाटात. वाळवंटातल्या गुहांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या कित्येक आपल्या कपाटातल्या वाटाव्यात इतक्या जवळच्या आहेत. हे कुणामुळे झालं? पाठ असणाऱ्यांमुळे? नाही. बघणाऱ्यांमुळे. पाठ असणाऱ्याला समोरची चूक दिसत नाही, बाबा रे. माझ्यासमोर अख्खा समुद्र होता आणि मला तो दिसला नाही.

कारभारी: म्हणजे चूक माझीच. मी गुंडाळी नीट लावली असती तर...

बाबा: तर मी आणखी वर्षभर सगळ्यांना फसवलं असतं, आणि स्वतःलाही. बरं झालं, तुझा हात चुकला. शनिवारी मी वाचणार नाही.

कारभारी: मग कोण?

बाबा: ही.

लेक: मी?

बाबा: दुसरं कोण आहे इथे? मदतनीस जेवायला गेलाय.

कारभारी: माझी काहीच हरकत नाही. खरंच नाही. पण पहिल्या बाकावरचे आजोबा...

बाबा: त्यांचे वरचे दात माझे, खालचे दात माझे. माझ्याच दातांनी मला चावणार?

लेक: बाबा, गेल्या वर्षी सभेत बायकांनी वाचायचा ठराव आला, तेव्हा तुम्हीच उठून म्हणाला होतात, ठराव चांगला आहे, पण घाई नको.

बाबा: घाई कुठे केली? वर्ष गेलं मध्ये.

कारभारी: हा हा! हे मात्र खरं.

बाबा: आणि आजोबांनी तोंड उघडलंच, तर मी त्यांना हुल्दाची आठवण करून देईन. पहिल्या देवळाची डागडुजी चालली होती, तेव्हा आत एक गुंडाळी सापडली. राजाला वाचून दाखवली, त्याने दुःखाने अंगावरचे कपडे फाडले. हे खरं आहे की काय, हे कुणाला विचारायचं? गावात मोठमोठे संदेष्टे होते म्हणतात. पण राजाची माणसं गेली एका बाईच्या दारात. तिने ऐकलं आणि सांगितलं, खरं आहे. एखाद्या लेखाला पवित्र म्हणून मान्यता मिळाल्याची आपल्याकडची पहिली गोष्ट ती, आणि मान्यता देणारी बाई.

लेक: तेव्हा हुल्दाबाई नाही आठवल्या तुम्हाला, सभेत?

बाबा: आठवल्या होत्या. गप्प बसलो. माझा तोरा आडवा आला.

कारभारी: आपल्या भाषेतही गंमत आहे. पुस्तकाला तोरा म्हणायचं आणि गर्वालाही तोराच.

लेक: बाबांना दोन्ही एकाच कपाटात ठेवायची सवय आहे.

बाबा: बोला, बोला. आता माझे दिवस ऐकून घ्यायचेच.

लेक: चेष्टा नाही करत, बाबा. मला नाही जमणार. मी छापील पुस्तकात बघून तुम्हाला टोकते. त्यात स्वरांची टिंबं असतात, चालीच्या खुणा असतात. गुंडाळीत नुसती उघडीबोडकी व्यंजनं. वाक्य कुठे संपतं तेही लिहिलेलं नाही.

कारभारी: टिंबं नसतात? मला वाटलं, मला लांबून दिसत नाहीत.

बाबा: इतकी वर्षं कपाटाची किल्ली सांभाळतोय आणि ह्याला हे आज कळतंय! अरे, काना-मात्रा-वेलांटी काढून टाक. नुसतं क आणि क लिहिलं, तर वाचायचं काय? काका, की केक?

कारभारी: माझ्या बाबतीत दोन्ही बरोबर.

बाबा: तसंच ते. हजारभर वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या गावात काही घराणी बसली पिढ्यानपिढ्या, आणि त्यांनी टिंबं बसवली, उच्चार विसरले जाऊ नयेत म्हणून. पण मूळ गुंडाळीला हात लावला नाही. टिंबं वेगळ्या पुस्तकात. गुंडाळी तशीच कोरडी राहिली. तिच्यात स्वर वाचणाऱ्याने घालायचे, आपल्या श्वासातून.

लेक: आणि माझा श्वास अपुरा पडला तर?

बाबा: तर थांबायचं. श्वास घ्यायचा. मी शिकवतो ना! सरावाचं पुस्तक आण, एका बाजूला टिंबं आणि दुसऱ्या बाजूला कोरडं. टिंबांवर पुठ्ठा ठेवायचा. तू कोरडं वाचायचं, मी ऐकायचं.

कारभारी: दोन्ही भाग करून घे रे. गेल्या शनिवारचं वाचन तर झालंच नाही असं धरायला हवं.

लेक: दोन्ही? याजकांचे कपडे आणि पुढच्या भागातलं सोन्याचं वासरूही? ह्या शनिवारपर्यंत?

बाबा: काका बरोबर बोलतोय. राहिलेलं वाचायलाच हवं. कपडे तू ह्याच आठवड्यात ऐकलेत, ते जिभेवर आहेत. वासराला वेळ देऊ. कोर्टात दोन दिवस रजा टाक.

लेक: आणि मी वाचत असताना तुम्ही कुठे असाल?

बाबा: बाकावर. शेवटच्या. दारापाशी वारा छान येतो.

लेक: मग मी नाही वाचणार.

बाबा: हे काय आता?

लेक: तुम्ही दारापाशी वारा खाणार आणि मी तुमच्या जागेवर उभी राहणार, असं नाही व्हायचं.

बाबा: अगं, शेजारी उभा राहून काय करू? टोकायला पुस्तक बघावं लागतं. मला काय समजतेस? शोभेचं झाड?

लेक: बाबिलोनहून माणसं परत आली तेव्हा एज्रा नावाच्या शास्त्र्याने चौकात लाकडी माचावर उभं राहून तोरा वाचली. सगळे जमले होते, पुरुष, बायका, ज्यांना कळतं ते सगळे. बरोबर?

बाबा: बरोबर. पाणवेशीच्या समोर. सकाळपासून दुपारपर्यंत. पुढे?

लेक: पण परदेशात वाढलेल्यांना जुनी भाषा कुठे धड येत होती?

बाबा: म्हणून शेजारी माणसं उभी केली, उलगडून सांगायला. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लोकांच्या भाषेत सांगायचं. पुढे शेकडो वर्षं प्रार्थनालयांत तीच रीत होती. वाचणारा एक आणि सांगणारा एक. तुला माहीत आहे की हे.

लेक: सांगणाऱ्याने कुठे बघून सांगायचं?

बाबा: बघायचं नाही! कागद हातात धरायचीच बंदी. नाहीतर लोकांना वाटेल, हेही तोरेतच लिहिलंय. त्याने पाठच म्हणायचं...

लेक: हं. आता मिश्ना. कुणी काय करावं, ती यादी आहे ना, ती म्हणा. तुम्हाला पाठ आहे.

बाबा: लहान मूल वाचू शकतं आणि सांगूही शकतं. अंगावर धड कपडे नाहीत त्याने वाचायचं नाही, पण सांगितलं तर चालतं. आणि आंधळा...

कारभारी: आंधळा काय? अरे, बोल ना.

बाबा: आंधळ्याने सांगितलं तर चालतं.

कारभारी: असं लिहिलंय? खरंच? इतक्या जुन्या काळी?

लेक: अठराशे वर्षांपूर्वी लिहिलंय, काका. त्याच्याही आधीपासून म्हणत असतील.

बाबा: किती वेळा म्हटलं असेल मी हे वाक्य. लहानपणी घोकलं, तुला घोकायला लावलं. ते कुणासाठी केलंय, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

लेक: म्हणून म्हणते. दारापाशी बसायचं नाही.

बाबा: पोरी, दया म्हणून सांगत असशील तर नको. मला भीक नको.

लेक: दया कसली? जागा आहे तुमची. फक्त ती बरेच दिवस कुणी वापरली नव्हती.

कारभारी: आणि आमच्या मंडळींना अर्थ कळेल, हा फायदा निराळाच. मी आजच सगळ्यांना सांगतो. छे, मी नको, मी बेकरीत सांगितलं की केकची काकडी होते. तूच सांग रे शनिवारी, उभा राहून.

बाबा: सांगतो. आधी डोळ्यांचं सांगतो, मग बाकीचं. आता तू ऊठ आणि जाऊन गुंडाळी नीट लाव. आणि पोरी, तू पुस्तक आण. पुठ्ठा त्या कपाटावर आहे.

(शनिवारी दुपारी, प्रार्थनालयात. मंडळी घरी गेली आहेत. कारभारी कपाटाला कुलूप लावतो आहे.)

कारभारी: माझी बायको काय म्हणाली ठाऊक आहे? इतकी वर्षं मान डोलावत होते, आज कळलं कशासाठी डोलावत होते.

बाबा: हसत होती का रे ती मधेच? मला आवाज आला.

कारभारी: घंटांना हसली. महायाजक आत-बाहेर करताना वाजल्या पाहिजेत म्हणून झग्याला घंटा, असं तू सांगितलंस, तर म्हणाली, आमच्या ह्यांनाही लावा. पण एक तक्रार आहे हां. वासराच्या गोष्टीत तू मध्येच गप्प झालास. ती वाचत होती आणि तू काही सांगितलंच नाहीस. विसरलास की काय?

बाबा: विसरेन कसा? ते तेवढं वाचायचं असतं, उलगडून सांगायचं नसतं. तसंच ठरलंय पहिल्यापासून. मोशे भावाला विचारतो, लोक ज्याच्या पाया पडतायत ते हे वासरू कुठून आलं? आणि अहरोन म्हणतो, लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं.

कारभारी: आपोआप? म्हणजे मी पीठ भट्टीत टाकलं आणि केक बाहेर आला, मी काही केलंच नाही?

बाबा: तेच तर! पहिला महायाजक तो. त्याची फजिती गुंडाळीतून पुसली नाही, दर वर्षी मोठ्याने वाचतात. पण चारचौघांत फोड करून सांगायची नाही. खरंही ठेवलं आणि माणसाची अब्रूही ठेवली. मला ह्या लोकांचा अभिमान वाटतो तो अशा गोष्टींसाठी.

कारभारी: आता मला सांगितलंस ते?

बाबा: वाचन संपलं. आता चालतं.

कारभारी: आजोबा जाताना काय म्हणाले तुला?

बाबा: विचारलं, ही तुझीच मुलगी का? तिच्या नामकरणाला जेवून गेलाय हा माणूस. मी म्हटलं, हो, आमच्या प्रार्थनालयाची वाचक आहे. तर म्हणाले, आवाज जरा मोठा हवा. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगतो तिला.

लेक: म्हणजे पुढच्याही शनिवारी?

बाबा: मग? एका शनिवारात तोरा संपते होय?

कारभारी: चला, मी निघतो. कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे, आणि हो, गुंडाळी बरोबर जागी आहे, दोनदा बघितलं. ये गं वाचकबाई, हात दे. छान झालं. फार छान झालं.

लेक: येते काका.

बाबा: गेला?

लेक: गेले. चला, पायरी आहे. माझा खांदा धरा.

बाबा: पायरी दिसते मला. बरं, धरतो. दोन ठिकाणी अडखळलीस, ते तू लगेच सुधारलंस, त्याचं काही नाही. मीही पहिल्या वेळी अडखळलो होतो, आणि माझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत डोक्यात टपली मारली होती. पण एका जागी तू थांबलीस.

लेक: लक्षात आलं तुमच्या?

बाबा: सगळ्यांच्या आलं. मोशे डोंगरावरून खाली येतो, वासरू बघतो, आणि हातातल्या, देवाच्या आज्ञा कोरलेल्या पाट्या फेकतो. तिथे. त्या ओळीच्या आधीच थांबलीस. कुणीतरी खोकलंसुद्धा.

लेक: अक्षरं दिसेनाशी झाली मला.

बाबा: दिसेनाशी? काय होतंय? डाग येतो का मध्ये? खरं सांग, हे घराण्यातून येतं म्हणतात...

लेक: नाही हो बाबा. डोळे भरून आले, एवढंच. तुम्ही सांगितलेलं आठवलं. त्या फुटलेल्या पाट्या टाकून दिल्या नव्हत्या. नव्या पाट्यांच्या शेजारी, त्याच पेटीत ठेवल्या होत्या.

बाबा: हं. शहाण्या माणसांनी त्यावरून पुढे सांगून ठेवलंय. म्हाताऱ्या झालेल्या विद्वानाशी जपून वागा म्हणून.

लेक: तेच आठवलं.

बाबा: वेडी आहेस.

लेक: पण बाबा, तुम्हाला तर ती ओळ पाठ होती. मी अडकलेय हे कळत होतं. हळूच पुढचा शब्द सांगायचात ना. मी केवढी घाबरले होते!

बाबा: तू अडकली नव्हतीस, थांबली होतीस. आणि मला कसं सांगता येईल? वाचणारीने ओळ वाचून संपवल्याशिवाय सांगणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं.

लेक: आणि मी सुरूच केलं नसतं तर?

बाबा: उभा राहिलो असतो की. मला कुठे जायचं होतं?